शिकवणीचे तास कोणत्या रकान्यात? अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश अर्जात स्वयंसेवा आणि अध्यापनाची वर्गवारी

न्यू जर्सीहून एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या उन्हाळ्यात ती अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज करणार आहे. तिने आजवर केलेले काम त्यांनी तासांसह लिहून पाठवले आहे. रुग्णालयात तिने 140 तास स्वयंसेवा केली, त्यांपैकी 85 तास तातडीच्या उपचार विभागात आणि 55 तास दर्शनी भागातील चौकशीच्या खिडकीवर. विद्यापीठाच्या शिकवणी केंद्रात पगार घेऊन तिने 210 तास रसायनशास्त्र शिकवले. दर शनिवारी सकाळी सार्वजनिक ग्रंथालयात ती अफगाण निर्वासित कुटुंबांतील मुलांचा अभ्यास विनामोबदला घेते, त्याचे 160 तास झाले आहेत. अकरावीपासून ती रविवारच्या मराठी शाळेत लहान गटाला शिकवते, आणि त्याचे तास वडिलांनी 400 धरले आहेत. शिवाय दोन घरी तिने एसएटीची, म्हणजे महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेची, खासगी शिकवणी घेतली आणि गेल्या डिसेंबरात तीन आठवडे साताऱ्याला मामांच्या रुग्णालयात घालवले. त्यांचे विचारणे असे की, यांतले कोणते काम स्वयंसेवेत लिहायचे आणि कोणते अध्यापनात. एकच काम दोन्हीकडे लिहिता येते का. आणि शिकवण्याचे सगळे काम अध्यापनात गेले तर मुलीच्या अर्जात सेवा कमी दिसेल का.

मी गेली अठरा वर्षे एका अमेरिकी विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते आहे, आणि हा प्रश्न दर वसंतात माझ्या टेबलावर येतो. उत्तर आधी थोडक्यात देते. शिकवणी केंद्र, एसएटी आणि मराठी शाळा ही कामे अध्यापनात जावीत. ग्रंथालयातील शनिवार बिगरवैद्यकीय समाजसेवेत जावेत. तातडीच्या विभागातील 85 तास वैद्यकीय स्वयंसेवेत, चौकशीच्या खिडकीवरचे 55 तास बिगरवैद्यकीय स्वयंसेवेत आणि सातारा शॅडोइंगमध्ये, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम नुसते पाहण्याच्या प्रकारात, लिहावे. कोणताही तास दोनदा मोजला जाऊ नये. आता यामागची कारणे सविस्तर सांगते, कारण कारणे कळली नाहीत तर पुढचे वर्णन लिहिताना गोंधळ होतोच.

एम.डी. पदवी देणारी बहुतेक अमेरिकी महाविद्यालये ज्या सामाईक अर्जावरून प्रवेशाचा विचार करतात तो ॲमकॅसचा अर्ज, आणि तो अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना, म्हणजे एएएमसी, चालवते. त्यातील कामे आणि उपक्रमांच्या विभागात जास्तीत जास्त 15 नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ठरलेल्या यादीतून एकच प्रकार निवडावा लागतो, आणि वर्णनासाठी मोकळ्या जागा धरून 700 अक्षरे मिळतात. त्यांतल्या तीन नोंदींना 'सर्वांत अर्थपूर्ण' अशी खूण करता येते आणि त्या प्रत्येकीसाठी आणखी 1,325 अक्षरे लिहिता येतात. प्रकारांच्या यादीत सशुल्क नोकरी आणि समाजसेवा या दोन्हींचे वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय असे दोन-दोन भाग आहेत. संशोधन, शॅडोइंग, नेतृत्व, छंद, पुरस्कार यांसाठी वेगळे प्रकार आहेत, आणि अध्यापन, शिकवणी व शिक्षक-साहाय्य यांचा मिळून एक स्वतंत्र प्रकार आहे. घोटाळा होतो तो इथेच. समाजसेवा आणि नोकरी या प्रकारांची नावेच सांगतात की काम विनामोबदला होते की पगारी. अध्यापनाच्या प्रकारात मात्र पैसे घेतले की नाही, हे नावावरून कळत नाही. म्हणून विनामोबदला शिकवणाऱ्याला दोन दारे उघडी दिसतात आणि तो उंबरठ्यावर अडखळतो.

माझा ठोकताळा असा आहे. त्या तासाभरात आपल्यासमोर कोण बसले होते, आणि ती व्यक्ती आपल्याकडे कशासाठी आली होती, हे आधी स्वतःला विचारावे. समोरचा माणूस रुग्ण म्हणून आला असेल तर काम वैद्यकीय. एखादा विषय समजावा, परीक्षेत गुण मिळावेत म्हणून आला असेल तर अध्यापन. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, क्लास लावायला पैसे नाहीत, शाळेची भाषाच अजून नीट येत नाही, अशी अडचण घेऊन आला असेल तर ती सेवा, मग त्या तासात आपण अपूर्णांक शिकवले असोत की पत्राचा मसुदा लिहून दिला असो. पैशाचा प्रश्न यानंतर येतो. पगार घेतला असेल तर ते काम समाजसेवेत कधीही लिहू नये, मानधन किरकोळ असले तरीही. शिकत असताना अर्धवेळ काम देणाऱ्या सरकारी वर्क-स्टडी योजनेतून मिळणारे पैसे हाही पगारच आहे, हे अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

रुग्णालयातील 140 तासांपासून सुरुवात करू. रुग्णालयाच्या इमारतीत केलेले सगळेच काम क्लिनिकल, म्हणजे रुग्णाशी थेट संबंध असलेले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तातडीच्या विभागात रुग्णाला गरम पांघरूण देणे, चाकाच्या खुर्चीवरून एक्स-रेला नेणे, नातेवाईक येईपर्यंत त्याच्याजवळ बसणे, खाट रिकामी झाली की पुसून चादर बदलणे, ही कामे रुग्णाच्या सान्निध्यातली आहेत. चौकशीच्या खिडकीवर पाहुण्यांना मजला आणि खोलीचा क्रमांक सांगणे हे उपयोगी काम आहे, पण समोर रुग्ण नाही. पुष्कळ विद्यार्थी अशा वेळी एकच नोंद करून 140 तास वैद्यकीय म्हणून लिहितात, कारण ओळखपत्र एकाच रुग्णालयाचे असते. मी दोन वेगळ्या नोंदी करायला सांगते. 15 जागांपैकी तुमच्या मुलीच्या निम्म्या अजून रिकाम्या आहेत, तेव्हा जागेची अडचण नाही. दुसरे म्हणजे, महाविद्यालयाच्या प्रवेश समितीतील माणूस क्लिनिकल तासांची गोळाबेरीज करतो तेव्हा 85 हा आकडा त्याला खरा सापडला पाहिजे. 85 तास फार नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. त्यावरचा उपाय खिडकीवरचे तास त्यात मिसळणे हा नव्हे. अर्जाला अजून अवधी आहे, तोवर मुलीने आठवड्यातला आणखी एक दिवस तातडीच्या विभागात द्यावा.

कधी कधी शिकवणी आणि रुग्णसेवा एकमेकींत इतक्या मिसळतात की रकाना ठरवणे खरोखर अवघड होते. माझी एक विद्यार्थिनी बालरुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मुलांचा शाळेचा अभ्यास घेत असे. मुले आठवड्यातून तीनदा येत आणि प्रत्येक वेळी तीन ते चार तास यंत्राला जोडलेली असत, त्यामुळे शाळा बुडे. तिने पहिल्या खर्ड्यात ती नोंद अध्यापनात टाकली होती आणि वर्णनात गुणाकार, अपूर्णांक, वाचन असे लिहिले होते. मी तिला विचारले, या मुलांना शिकवणे आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांना शिकवणे यांत तुला काय फरक जाणवला? ती म्हणाली, गणित पहिल्या तासातच उरकावे लागते, कारण शेवटच्या तासात मुले गळून जातात, कोणाच्या पायात गोळे येतात, कोणाला मळमळते, आणि तेव्हा फक्त गोष्ट वाचून दाखवता येते. यंत्र वाजले की कधी गप्प राहायचे आणि कधी परिचारिकेला हाक मारायची, हेही ती शिकली होती. मी म्हटले, मग हे वैद्यकीय स्वयंसेवेत लिही, कारण त्या तासाचा आकार आजारपणाने ठरवला आहे. वर्णनात गुणाकाराऐवजी हा पहिला आणि शेवटचा तास आला. याउलट, रुग्णालयाच्या सभागृहात कर्मचाऱ्यांच्या मुलांची शिकवणी घेणारा एक विद्यार्थी तीच नोंद क्लिनिकल म्हणून लिहू पाहत होता. त्याला मी ती अध्यापनात हलवायला लावली.

विद्यापीठाच्या शिकवणी केंद्रातील 210 तासांबद्दल फारसा वाद नाही. समोर बसणारे विद्यार्थी तिच्यासारखेच त्याच विद्यापीठाचे, पगार विद्यापीठ देते, आणि येण्याचे कारण सेंद्रिय रसायनशास्त्राची पुढची परीक्षा. तांत्रिकदृष्ट्या हे बिगरवैद्यकीय सशुल्क नोकरीतही बसते. तरीही अध्यापन हा अधिक नेमका प्रकार उपलब्ध असताना सर्वसाधारण प्रकार निवडू नये, कारण डॉक्टरला आयुष्यभर रुग्णांना, कनिष्ठांना आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे असते आणि समिती ती क्षमता अध्यापनाच्या नोंदीत शोधते. फक्त वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात काम पगारी होते, हे सांगून टाकावे. इथे अपवाद एकच करते. घरच्या परिस्थितीमुळे शिकवणीच्या पैशांवर फी किंवा खोलीचे भाडे भागवणारा विद्यार्थी असेल, आणि नोकरी करत शिकल्याचे त्याच्या अर्जात दुसरीकडे कोठेच दिसत नसेल, तर ती नोंद त्याने सशुल्क नोकरीत करावी. आठवड्याला वीस तास काम करून मिळवलेले गुण आणि वसतिगृहात निवांत बसून मिळवलेले गुण समिती एकाच मापाने मोजत नाही, पण त्यासाठी ती नोकरी नोकरी म्हणून दिसली पाहिजे. एसएटीच्या खासगी शिकवणीला स्वतंत्र जागा देण्याची गरज नाही. शिकवणी केंद्राच्या नोंदीच्या शेवटी एका वाक्यात तिचा उल्लेख करता येईल. तिचे तास त्या नोंदीत मिळवायचे असतील तर वर्णनात दोन्हींची फोड द्यावी.

आता ग्रंथालयातील शनिवार, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे कामही शिकवण्याचेच आहे, मग ते अध्यापनात का नको? लिहिले तर खोटे ठरणार नाही, हे आधी मान्य करते. परंतु त्या मुलांना ग्रंथालयापर्यंत आणणारी गोष्ट गणित नव्हे. देश सुटला, शाळा मध्येच तुटली, आईवडिलांना इंग्रजी येत नाही आणि नव्या गावात विचारायला कोणी नाही, यामुळे ती मुले तिथे येतात. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे की, मुलांच्या आया आता शाळेतून आलेले कागद पिशवीत घालून घेऊन येतात आणि मुलीला दाखवतात. तेच वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण या नोंदीचा रकाना त्यानेच ठरतो. रसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी आपल्या आईला घेऊन शिकवणी केंद्रात येत नाही.

विद्यार्थी या नोंदीचा पहिला खर्डा सहसा असा लिहितात: 'निर्वासित मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवले. या अनुभवातून मला सहानुभूती, संयम आणि नेतृत्व हे गुण आत्मसात करता आले.' अर्ज अर्थातच इंग्रजीत भरायचा आहे, मी फक्त आशय मराठीत देते आहे. या दोन वाक्यांतून मुलगी कोण आहे ते कळत नाही आणि मुले कोण आहेत तेही कळत नाही. तिने आठवून, खरे असेल तेवढेच, साधारण असे लिहावे: 'दर शनिवारी दोन तास, ग्रंथालयाच्या बालविभागात, दरी ही अफगाणिस्तानातील भाषा बोलणारी सहा मुले. सुरुवातीला वाटले की मुले गणितात कच्ची आहेत. नंतर लक्षात आले की आकडेमोड त्यांना येते, शाब्दिक उदाहरणाचे इंग्रजी अडवते. म्हणून प्रत्येक उदाहरण आधी चित्रात काढायला लावले. पुढे मुलांच्या आया शाळेची पत्रे आणू लागल्या. लसीकरणाच्या नोंदींचा एक कागद अपुरा म्हणून परत आला होता, तेव्हा ग्रंथपालांच्या मदतीने दरी जाणणाऱ्या दुभाष्यासह शाळेतील परिचारिकेला फोन लावून दिला.' यात सहानुभूती हा शब्द कोठेच आलेला नाही आणि तो यावा अशी गरजही नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. मुलांची नावे, त्यांच्या आजारांचे किंवा कुटुंबाच्या कायदेशीर स्थितीचे तपशील लिहू नयेत. रुग्णांच्या माहितीला अमेरिकेत 1996च्या हिपा कायद्याचे संरक्षण आहे, हे विद्यार्थी लक्षात ठेवतात, पण ग्रंथालयातल्या मुलाचेही खासगी आयुष्य आहे, हे विसरतात.

याच संदर्भात आणखी एक मोह टाळायला हवा. प्रकारांच्या यादीत सामाजिक न्याय आणि पाठपुरावा असाही एक प्रकार आहे, आणि निर्वासित हा शब्द आला की विद्यार्थ्यांचे बोट तिकडे वळते. निर्वासितांच्या हक्कांसाठी नगरपालिकेपुढे निवेदन मांडले, शाळा मंडळाकडून दुभाष्याची सोय मिळवली, धोरण बदलण्यासाठी गट उभा केला, तर तो प्रकार योग्य. शनिवारी अभ्यास घेणे ही सेवा आहे, आणि सेवेला सेवा म्हणण्यात तिचे मोल जराही कमी होत नाही.

मराठी शाळेची नोंद करताना आपल्या घरांत नेहमी भावना आड येते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने आणि स्थानिक मंडळांच्या कष्टांवर चालणाऱ्या या शाळांसाठी पालक रविवार देतात, त्यामुळे ही समाजसेवाच आहे, असे घरात सगळ्यांना वाटते. आपल्या समाजाची सेवा ती आहेच, आणि कोणी ती बिगरवैद्यकीय समाजसेवेत लिहिली तर मी चूक म्हणणार नाही. तरीही तुमच्या मुलीच्या बाबतीत अध्यापन हाच प्रकार मी सुचवते. सेवेच्या रकान्यात समिती सहसा हे पाहते की अर्जदार आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर, अडचणीत असलेल्या लोकांपर्यंत गेला का. मराठी शाळेतली मुले आपल्यासारख्याच घरांतली, बहुधा सुखवस्तू. ग्रंथालयाची नोंद सेवेची बाजू भक्कमपणे सांभाळते, आणि मराठी शाळेची नोंद अध्यापनाची बाजू शिकवणी केंद्रापेक्षा अधिक जिवंत करते, कारण इथे तिने साडेचार वर्षे तेच काम धरून ठेवले आहे. त्यात सांगण्यासारखेही खूप असते. इथे वाढलेले पाच वर्षांचे मूल 'कमळ' म्हणताना 'कमल' म्हणते, कारण 'ळ' हा उच्चार त्याच्या रोजच्या कानांवर पडत नाही. जीभ मागे वळवून टाळूला कशी लावायची, हे शब्दांत सांगून जमत नाही. आरशासमोर बसवून, तोंड उघडून, दहादा करून दाखवावे लागते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांना व्यायाम शिकवणाऱ्या माणसालाही हेच जमावे लागते. हा दुवा तिने अर्जात स्वतःहून जोडून दाखवू नये. 'ळ' चा प्रसंग नीट लिहिला की वाचणारा डॉक्टर तो आपोआप जोडतो.

शाळेतल्या वयात सुरू झालेले काम लिहावे का, अशी शंका येते. अकरावी-बारावीत संपलेले काम सहसा लिहू नये. विद्यापीठात आल्यावरही जे सुरू राहिले त्याची सुरुवात खऱ्या तारखेपासून दाखवण्यास काही हरकत नाही, उलट त्यातून सातत्य दिसते. तासांचा आकडा मात्र मला खटकला. शाळा वर्षाला सुमारे 28 रविवार भरत असेल आणि दर वेळी दोन तास चालत असेल, तर वर्षाचे 56 तास होतात आणि साडेचार वर्षांचे 252. परीक्षांच्या काळात बुडालेले रविवार वजा केले तर आकडा 230च्या आसपास येईल. 400 कोठून आले? वडिलांनी मुलीला शाळेत सोडण्याचा, स्नेहसंमेलनाच्या तालमींचा आणि घरी केलेल्या तयारीचा वेळ बहुधा त्यात मिळवला असावा. तयारीचा वेळ खरोखर दिला असेल तर तो धरता येतो, पण मग वर्णनात तसे लिहावे. प्रवासाचा वेळ कधीच धरू नये.

दुबार नोंदीविषयी मी इतकी कडक का आहे, ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने निवारागृहातील मुलांच्या शिकवणीचे 200 तास समाजसेवेत लिहिले आणि त्याच उपक्रमाचा समन्वयक म्हणून तेच 200 तास नेतृत्वातही लिहिले. दोन्ही नोंदींच्या तारखा एकच होत्या. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारले की, आठवड्यात हे दोन्ही कसे जमत होते. मुलगा प्रामाणिक होता, त्याने लगेच कबूल केले की तास एकच आहेत. परंतु त्या क्षणापासून उरलेल्या बारा नोंदींच्या प्रत्येक आकड्यावर संशयाची सावली पडली, आणि त्या महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला नाही. त्याचा अर्ज मी तपासला होता आणि ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जाच्या सगळ्या तारखा आणि तास एका कागदावर मांडून आठवड्यांचा हिशेब करून पाहते. भूमिका खरोखर बदलली असेल, म्हणजे पहिले वर्ष शिकवण्यात आणि दुसरे वर्ष नवे स्वयंसेवक तयार करण्यात गेले असेल, तर दोन नोंदी जरूर कराव्यात, पण तास वाटून. बदल लहान असेल तर एकाच नोंदीत दोन्ही सांगावे. एका नोंदीत खंड पडलेल्या कामासाठी चार वेगवेगळे कालखंड देण्याची सोय आहे, तिचा वापर करावा. झालेले तास आणि पुढे अपेक्षित असलेले तास अर्जात वेगवेगळे विचारले जातात. अपेक्षित तास लिहिले की ते पुढच्या वर्षभरात पूर्ण करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, कारण मुलाखतीत त्यांची विचारपूस होऊ शकते.

साताऱ्याच्या तीन आठवड्यांबद्दल मला थोडी काळजी वाटते. मुलीने तिथे मामांच्या मागे उभे राहून बाह्यरुग्ण विभाग आणि शस्त्रक्रिया पाहिल्या असतील, तर ते शॅडोइंग आहे. अमेरिकेतील डॉक्टरांसोबत केलेले शॅडोइंगही त्याच एका नोंदीत डॉक्टरनिहाय तास देऊन लिहिता येते. प्रश्न निर्माण होतो तो आपल्याकडच्या प्रेमामुळे. भाची एवढी लांबून आली आहे, डॉक्टर होणार आहे, म्हणून मामा म्हणतात, 'ये, एक टाका तू घाल,' किंवा सिस्टर इंजेक्शन हातात देतात. घरच्यांना ते कौतुकाचे वाटते आणि मुलीला अर्जात लिहावेसे वाटते. असे काही घडले असेल तर ते अर्जात मिरवू नये, आणि पुढे असा प्रसंग आला तर मामांना आदराने नाही म्हणावे. एएएमसीच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख स्पष्ट आहे. अमेरिकेत जे करण्याची मुभा अर्जदाराला नाही, ते त्याने परदेशातील रुग्णावरही करू नये. टाका घालून घेणाऱ्या त्या रुग्णाला, टाका कोण घालते आहे, हे बहुधा कोणी विचारलेलेही नसते. समितीला हे चटकन दिसते. त्याऐवजी तिने काय पाहिले ते लिहावे: एका सकाळीत तपासल्या गेलेल्या रुग्णांची संख्या, औषधाची चिठ्ठी हातात घेऊन आधी किंमत विचारणाऱ्या बाई, आणि मामांनी त्यावर काय केले. संपर्कासाठी मामांचे नाव देऊ नये. त्या रुग्णालयातील दुसरे डॉक्टर किंवा मेट्रन यांचे नाव, त्यांना विचारून, द्यावे. नाते लपवू मात्र नये, कोणी विचारले तर सरळ सांगावे.

तीन अर्थपूर्ण नोंदींमध्ये तातडीचा विभाग आणि ग्रंथालय या दोन असाव्यात, असे मला वाटते. तिसरी मराठी शाळा की शिकवणी केंद्र, हे मुलीने ठरवावे, आणि ठरवताना तासांकडे पाहू नये. जिच्याबद्दल ती न थांबता दहा मिनिटे बोलू शकते ती नोंद निवडावी. अतिरिक्त 1,325 अक्षरांत आधीच्या 700 अक्षरांतले काहीही पुन्हा सांगू नये. आधी काम सांगून झालेले असते, इथे एखादा प्रसंग आणि त्यानंतर तिच्या वागण्यात झालेला बदल यावा.

ती ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एम.डी.ऐवजी डी.ओ. ही वैद्यकीय पदवी देणाऱ्या, महाविद्यालयांसाठीही अर्ज करणार असेल तर तिथला अर्ज ॲकोमासचा. त्याची वर्गवारी वेगळी आहे आणि वर्णनाला 600 अक्षरे मिळतात, त्यामुळे ॲमकॅसचे मजकूर जसेच्या तसे चिकटवले तर शेवटची वाक्ये कापली जातात. टेक्सासमधील बहुतेक सरकारी महाविद्यालयांचा टीएमडीएसएएस हा अर्ज तिसराच. प्रत्येक ठिकाणी त्या त्या अर्जाच्या सूचना वाचून रकाना नव्याने ठरवावा.

शेवटची विनंती वडिलांना आहे. तुम्ही तासांची यादी केली, ते चांगले केले, पण वर्णने मुलीनेच लिहावीत, आणि तुम्ही ती फक्त एकदा, सादर करण्याआधी, आकडे पडताळण्यासाठी वाचावीत. अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला भरण्यासाठी उघडतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपासून सादर करता येतो. एकदा सादर झाला की या विभागातील एकही नोंद बदलता येत नाही. प्रत्येक नोंदीसाठी संपर्काची व्यक्ती द्यावी लागते आणि महाविद्यालय तिला खरोखर फोन करू शकते. म्हणून ग्रंथालयातील समन्वयक, रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागाचे प्रमुख, शिकवणी केंद्राच्या संचालक आणि मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका या चौघांना मुलीने मार्चमध्येच स्वतः पत्र लिहावे, आपण किती तास लिहिणार आहोत ते त्यांना कळवावे, आणि त्यांच्या नोंदीत वेगळा आकडा असेल तर त्यांचा आकडा अर्जात लिहावा.